पायदळ चालणाऱ्यांचा बाबा

तुमच्यापैकी अनेकांच्या मार्कशीटवर, आयकार्डवर, हॉलतिकिटावर एका माणसाचं नाव छापलेलं असतं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. विद्यापीठ 1983 सालचं, बाबांचं नाव त्याला मिळालं 2005 मध्ये. ज्या माणसाला लिहितावाचता येत नव्हतं त्याच्या नावानं आपण पदव्या घेतो, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हे वऱ्हाडाचं शहाणपणच म्हणायचं.

शाळेत बाबांवर निबंध तुम्ही लिहिला असेलच. हातात खराटा, अंगावर चिंध्या, जवळ मातीचं गाडगं, गाव झाडणारा संत. पुढं सरकारनं 2000 च्या सुमारास त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि बाबा म्हणजे स्वच्छता एवढंच आपल्या डोक्यात पक्कं बसलं. ते खोटं नाही. पण बाबा झाडत काय होते, ते आठवून बघा. ते रस्ता झाडत होते. जिथून माणसं चालतात, जिथं जत्रेकरू उतरतात, जिथं वारकरी टेकतात, ती जागा. आज त्यांचं आयुष्य जरा खालून, पायांच्या बाजूनं बघू या.

आपल्या वऱ्हाडात पायी जाणं म्हणत नाहीत, पायदळ जाणं म्हणतात. आजीला विचारा. पुण्यामुंबईच्या पोरांना हा शब्द ऐकून सैन्य आठवतं, त्याला इलाज नाही. तर बाबा पायदळ माणूस होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चालण्यात घालवली.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव, आताचा अंजनगाव सुर्जी तालुका. घर परिटाचं. त्या वेळी वऱ्हाडात रेल्वे येऊन दहाएक वर्षं झाली होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा करत 1867 मध्ये नागपूरला पोहोचला होता. तो कुणासाठी आला, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असतं आणि आपण ते वाचून पुढं जातो. तो कापसासाठी आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आणखी घट्ट बसली. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला पडत होती, तर बडनेऱ्याहून तिच्यासाठी फाटा टाकला. कापसाच्या बाजारातून स्टेशनपर्यंत बंडी जाईल असे रस्ते झाले. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आली, तीही कापसापायीच. तीच आपली शकुंतला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, आता तिचे रूळ गवतात हरवलेत.

म्हणजे आपल्याकडच्या वाहतुकीचा पहिला नकाशा रुईच्या गाठी मोजून आखला गेला. माणूस त्यात बसला तर बसला. शेंडगावचा माणूस दापुऱ्याला कसा जातो, पावसाळ्यात टोंगळ्याएवढ्या चिखलातून बाजाराला कसा पोहोचतो, याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नव्हती.

डेबू याच चिखलात वाढला. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली. ते गाव म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरा, अकोला जिल्हा. मामाकडं गुरं राखणं, नांगरणी, वखरणी, पेरणी. डेबू कामाला वाघ होता. मामाची शेती सावकाराच्या कर्जात अडकली आणि मामा त्यात खचले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीनं त्यांना बांधावरूनच परत लावलं, असं सांगतात. कर्ज आणि दारू या दोन गोष्टींवर बाबा पुढं जन्मभर कीर्तनातून तुटून पडले, त्याचं मूळ या दोन घरांत आहे. लग्न झालं, पोरंबाळं झाली. मुलीच्या बारशाला नातेवाईक मटण आणि दारूच्या आशेनं जमले, तर डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद खवळले. पण डेबूजी हलला नाही.

आता जरा भातकुली तालुक्याकडं चला. पूर्णेच्या काठावर ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथं जत्रा भरते. लोक नदीत आंघोळ करतात आणि मुद्गलेश्वराचं दर्शन घेतात. आमची पूर्णा तुम्हाला माहीत आहे. काठ उभे, माती चिकण. ओल्या अंगानं बायका, म्हातारे, कडेवर लेकरू घेतलेल्या माय त्या दरडीवरून वर चढायच्या आणि घसरायच्या. दर वर्षी घसरायच्या. जत्रेला येणाऱ्या हजारो लोकांनी ते पाहिलं होतं, कित्येक जण स्वतः पडलेही असतील, आणि देवाच्या वाटेवर एवढं चालायचंच म्हणून घरी गेले असतील. डेबूजी मात्र तिथं पायऱ्या खोदायला लागला, वाट सारखी करायला लागला. पुढं 1908 मध्ये तिथं बांधीव घाट झाला.

बाबांच्या आयुष्यातलं हे पहिलं बांधकाम, आणि ते घसरणाऱ्या पायांसाठी आहे. देवळाचं नाही, पुतळ्याचं नाही. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक देवाकडं बघत होते आणि हा माणूस लोकांच्या पायांकडं बघत होता.

1905 च्या 1 फेब्रुवारीला डेबूजीनं घर सोडलं. मागं आई, बायको कुंताबाई, लेकरं. याला त्याग म्हणावं की घरच्यांवरचा अन्याय, यावर तुम्ही वाद घाला, घालायलाच हवा. कुंताबाईंचं आयुष्य सोपं गेलं नाही, हे संतचरित्रांत फार मोठ्यानं सांगितलं जात नाही. पण माणूस निघाला तो निघाला. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, अंगावर ठिगळं लावलेलं कापड, हातात काठी आणि मातीचं एक गाडगं. गाडगं जेवायला, पाणी प्यायला, आणि ऊन लागलं की डोक्यावर पालथं घालायला. बॅगपॅकिंगची रील टाकणाऱ्यांनी सामानाची ही यादी एकदा बघावी.

बारा वर्षं तो असा फिरला. कुणी चिंधेबुवा म्हणायचं, कुणी गाडगेबुवा. कुणी वेडा समजून हाकलायचं. पायदळ फिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते ती बंडीत, मोटारीत बसलेल्याला कळत नाही. रस्ता सगळ्यांना सारखा वागवत नाही. कुणाला ओसरीवर बसवतो, कुणाला वेशीबाहेर ठेवतो. पाणवठा कुठं आहे यापेक्षा तो कुणाचा आहे हे आधी विचारावं लागतं. रात्री पाठ टेकायला जागा मागितली की पहिला प्रश्न जातीचा. बाबांनी बारा वर्षं हा प्रश्न ऐकला. त्यांनी नंतर जे काही उभारलं ते या प्रश्नाचं उत्तर आहे असं वाचून बघा, मग त्यांची कामं सुटी सुटी वाटत नाहीत.

त्यांची काम करायची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचं आणि कुणाला न विचारता, न सांगता झाडायला लागायचं. वेशीपासून देवळापर्यंत, गल्लीबोळ, गटाराच्या कडा. लोक बघत राहायचे. दोन पोरं यायची, मग चार बाप्ये. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे: कर्ज काढून सण करता का, बकरं कापून देव खूश होतो का, पोरांना शाळेत घालता का. भाषा ठेठ वऱ्हाडी. पण कीर्तनाच्या आधीचा दिवसभराचा तो खराटा विसरू नका. दिवसभर गाव झाडलेल्या माणसाला त्या गावाची नस न नस माहीत होते. कुठं पाणी तुंबतं, कुठं बायका वळसा घालून जातात, कुठं दगड वर आलाय. आज यालाच सर्वेक्षण म्हणतात आणि त्याच्या निविदा निघतात.

पंढरपूरला बाबा वारीत जायचे, पण त्यांचा दिवस देवळात जात नसे. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंनी माणसं उतरायची, तिथली घाण साफ करण्यात जायचा. चोखोबांच्या समाजातल्या वारकऱ्याची अवस्था त्यांनी तिथं पाहिली. शेकडो मैल पायदळ यायचं, आणि आल्यावर देवळात पाऊल ठेवायचं नाही, धर्मशाळेत पाठ टेकायची नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये विठ्ठलाचं दार उघडलं. त्याच्या किती तरी आधी, 1917 च्या सुमारास, बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. रात्री डोक्यावर छप्पर मिळालं नाही तर दिवसभराच्या चालण्याला काय अर्थ, एवढा साधा हिशोब. पुढं ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. एकाकडं कोलंबियाची डॉक्टरेट, दुसऱ्याला अक्षरओळख नाही. तरी दोघांचा एकमेकांवर भरवसा होता.

मग बांधकामांची रांगच लागली. नाशिक, देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर. मूर्तिजापूरला 1925 मध्ये गोरक्षण आणि धर्मशाळा. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. ही मुंबईची धर्मशाळा मला फार बोलकी वाटते. गावाकडचा माणूस बायकोला घेऊन मुंबईच्या दवाखान्यात येतो. ती वॉर्डात, हा फुटपाथवर. दवाखाना बांधणाऱ्यांनी खाटा मोजल्या होत्या, खाटेशेजारी कोण बसेल, तो झोपेल कुठं, भाकरी कुठं थापेल, हे मोजलं नव्हतं. बाबांनी ते मोजलं. आजही दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक राहतात. वऱ्हाडातून गेलेलं एखादं कुटुंब तुमच्याही ओळखीत निघेल.

या सगळ्याला लाखो रुपये लागले आणि ते लोकांनी दिले. बाबा पैशाला हात लावत नसत. हिशोब दुसऱ्यांकडं, विश्वस्त दुसरे, आणि आपल्या रक्ताच्या माणसांना या इमारतींवर हक्क राहणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळांत हजारो लोक झोपायचे आणि ते स्वतः कुठल्या तरी झाडाखाली, झोपडीत. शिष्य केले नाहीत, मठ काढला नाही. 1952 मध्ये श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झालं ते या कामांचा पसारा सांभाळायला.

परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर पोरवयात घरातून पळाले आणि फिरता फिरता बाबांच्या सहवासात आले. पुढं त्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीही लिहिलं. दोन्ही लायब्ररीत असतात, परीक्षेनंतर काढा.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. बाबा मोटारीच्या विरोधात नव्हते. काम महाराष्ट्रभर पसरलं तसे ते मोटारीनं फिरायला लागले, रात्री एका गावी कीर्तन आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला. ते इमारतीच्या, यंत्राच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या बाजूचे होते. देवळापेक्षा तर नक्कीच. त्यामुळं बाबा आज असते तर बैलगाडीतून या असं सांगत बसले असते, असं कुणी म्हणालं तर त्याला बाबा कळलेच नाहीत. त्यांचं बघणं एवढंच होतं की वाटेनं जाणाऱ्यांत सगळ्यात खाली कोण आहे, आणि त्याच्यासाठी काय केलं.

हाच प्रश्न घेऊन आता आपल्या दोन शहरांत या.

2011 च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या होती साधारण 6 लाख 47 हजार, अकोल्याची 4 लाख 26 हजार. त्यानंतर शहरं किती फुगली ते तुम्ही रोज बघता. दोन्ही शहरांच्या मधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जून 2022 मध्ये एक विश्वविक्रम झाला. लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी थर सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनेस बुकात नाव आलं. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातलं, म्हणजे डेबूनं जिथं गुरं राखली त्याच मुलखातलं. कामगारांनी आणि इंजिनिअरांनी केलेली ती कमाल होती, त्याचं कौतुक करायलाच हवं. आणि कौतुक करून झालं की एक छोटा प्रयोग करा. तुमच्या कॉलेजच्या गेटपासून जवळच्या स्टँडपर्यंत किंवा ऑटो थांब्यापर्यंत पायदळ जा, आणि किती पावलं फुटपाथवर पडली, किती रस्त्यावर, ते मोजा. मोबाईलमध्ये पावलं मोजायची सोय आहेच.

फुटपाथ कसा असावा याचं मापही देशात ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था सांगते की चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जातील इतकी, आणि फुटपाथची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पंधरा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. याहून उंच बांधला की म्हातारी माणसं त्यावर चढतच नाहीत, खालून चालतात. मग फुटपाथवर कुणी चालत नाही असं म्हणायला आपण मोकळे. ऋणमोचनच्या दरडीचंच हे शहरी रूप आहे, फक्त चिखलाऐवजी सिमेंट.

हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, त्यातली 32 हजार 825 पायदळ चालणारी होती. रोज नव्वद. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मोकळा, दिव्यांगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुण्याच्या महापालिकेनं तर 2016 मध्येच स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं. पुण्यात चालणं त्यामुळं स्वर्ग झालं असं मुळीच नाही, पण निदान भांडायला एक कागद हातात आहे.

आपल्याकडं तो कागद कसा बनतो, हे बघा. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणं शहराचा विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. त्यात कुठला रस्ता किती रुंद, हे नकाशावर ठरतं: 12 मीटर, 18 मीटर, 24 मीटर. पण ही रुंदी फक्त दोन बाहेरच्या रेषा असतात. आतली जागा कुणाला किती, हे त्या रेषा सांगत नाहीत. 18 मीटरच्या रस्त्यातून दोन्ही बाजूंना 1.8 मीटरचा फुटपाथ काढला तरी 14.4 मीटर उरतात. गणित अवघड नाही, वाटणी अवघड आहे. ती वाटणी वाहतूक आराखड्यात व्हायला हवी, आणि 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं तर सांगूनच ठेवलंय की रस्त्याची जागा वाटताना माणसं धरा, वाहनं नाही.

मग अडतं कुठं? मोजणीत. वाहतूक मोजायची जी नेहमीची रीत आहे तिच्यात कार म्हणजे एक एकक. बस साधारण तीन कारइतकी धरतात, मग आत पन्नास जण उभे असोत की ती रिकामी असो. सायकल अर्धी. आणि पायदळ माणूस? त्याला त्या आकड्यात जागाच नाही. त्याची वेगळी मोजणी केली तरच तो दिसतो, नाही केली तर आराखड्याच्या दृष्टीनं तो रस्त्यावर नव्हताच. सकाळी सहाला दूध टाकणारा, पायदळ कामाला निघालेला बांधकाम मजूर, कॉलेजला ऑटोचे पैसे वाचवत चालत येणारी मेसवरची पोरगी, हे सगळे मिळून शून्य. इंग्रजांनी गाठी मोजल्या, आपण कार मोजतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं 45 अंशांत कोण चालतं? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात अकोल्यात दुपारी बाराला चालायला सांगणारा माणूस दुष्टच. म्हणून तर चालण्याच्या आराखड्यात झाडं येतात, थांब्यावर छप्पर येतं, पिण्याचं पाणी येतं, आणि चालायला लागू नये इतक्या वेळेवर येणारी सिटी बस येते. बस पकडणारा प्रत्येक माणूस आधी आणि नंतर पायदळच असतो. बाबांच्या यादीत याच गोष्टी होत्या: वाट, सावली, पाणी, टेकायला जागा.

आणि अकोल्याला चालता येत नाही असं अकोलेकरांनी तरी म्हणू नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून, खांद्यावर कावड घेऊन हजारो पोरं अनवाणी राजराजेश्वरापर्यंत येतात. अख्खा रस्ता त्यांचा असतो. मोटारी थांबतात, मंडळं पाणी वाटतात, लोक फराळ घेऊन उभे राहतात. शहराला हे जमतं, दर वर्षी जमतं. मंगळवारी सकाळी तोच रस्ता पुन्हा मोटारींचा होतो, आणि कालचा कावडधारी डिव्हायडर ओलांडायला दहा मिनिटं उभा राहतो.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढं समक्ष म्हणणं मांडायलाही बोलावतात. वर्तमानपत्रात ती जाहिरात लहान अक्षरांत येते, आमच्याच पानांवर येते, आणि तिथं अर्ज घेऊन जातात ते बहुतेक ज्यांचा प्लॉट आरक्षणात गेलाय ते. ते जाणारच, त्यांचं नुकसान आहे. पण माझ्या कॉलेजच्या रस्त्याला फुटपाथ दाखवा, इथं सायकलला जागा द्या, या चौकात रस्ता ओलांडायला वेळ द्या, असा अर्ज घेऊन विद्यार्थी गेले तर नियमानं तोही नोंदवावाच लागतो. सोबत मोजणी जोडा. सकाळी आठ ते दहा, एका चौकात, चार जण चार कोपऱ्यांवर उभे: पायदळ किती, सायकल किती, बसमधून उतरलेले किती, कार किती. तारीख, वार, वेळ लिहा. सिव्हिलच्या पोरांना हा सबमिशनचा विषय होऊ शकतो, भूगोलाच्या आणि समाजशास्त्राच्याही.

बाबांचं शेवटचं वर्ष 1956. तब्येत खालावली होती, मधुमेहानं शरीर पोखरलं होतं, तरी फिरणं सुटलं नव्हतं. 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला. 8 नोव्हेंबरला बाबांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात कीर्तन केलं. तेच त्यांचं शेवटचं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, मोबाईलवर शोधलं तर सापडतं. आवाज थकलेला आहे, पण समोरच्यांना प्रश्न विचारायची खोड तशीच. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन आठवडे होतात न होतात, तोच 20 डिसेंबरला, गाडीतून अमरावतीकडं येत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. घरात नाही, मठात नाही, वाटेत.

समाधी अमरावतीत आहे, आणि तिच्यामुळं त्या सगळ्या भागालाच गाडगेनगर म्हणतात. तिकडं कोचिंग क्लास आहेत, मेस आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, तुमच्यातले कित्येक जण तिथंच राहतात. दर डिसेंबरला पुण्यतिथीला खेड्यापाड्यांतून लोक येतात, डोक्यावर गाठोडं, हाताशी लेकरू. स्टँडवर उतरतात आणि पुढं पायदळ निघतात. या डिसेंबरला त्यांच्यातल्या एखाद्या म्हातारीच्या मागं मागं, तिच्याच चालीनं, समाधीपर्यंत जा, आणि वाटेत तिला किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं ते लिहून घ्या.